घर शांत आहे

शिरगुप्प्यांच्या घरात माणसं तीन होती आणि स्वयंपाकघर सोडून खोल्या दोन, तरी गेल्या सहा महिन्यांत एकही भांडण झालं नव्हतं.

तिसरी साथ सुरू होऊन वर्ष होत आलं होतं. आधीच्या साथींमध्ये माणसांनी तोंडं बांधली, हात धुतले आणि खिडकीत बसून रिकामा रस्ता पाहिला. या वेळच्या विषाणूने खिडकीचीही सवलत ठेवली नाही. तो वाऱ्यावर दूरपर्यंत तग धरून राहत होता. म्हणून मिरजेतल्या त्या इमारतीच्या सगळ्या खिडक्या रबरी पट्ट्या लावून बंद केल्या होत्या. किराणा दारातल्या दुहेरी झडपेच्या पेटीतून आत येई. बाहेरची हवा गच्चीवरच्या यंत्रात गाळली जाई आणि मग प्रत्येक घरात थोडीथोडी सोडली जाई. माणसं घरातच काम करत, घरातच जेवत, घरातच आजारी पडत आणि घरातच एकमेकांना सहन करत.

या घरात सहन करणं सोपं होतं. हॉलच्या भिंतीवर, कॅलेंडरशेजारी, पोळ्यांच्या डब्याएवढी एक पांढरी पेटी होती. तिच्यावर हिरव्या अक्षरांत कायम एकच ओळ असे :

हवा स्वच्छ आहे. घर शांत आहे.

ही पेटी त्रिशला शिरगुप्पेने बनवली होती. ती गंधरसायनाची तज्ज्ञ होती. कंपनीची प्रयोगशाळा बंद पडल्यापासून ती हॉलमधल्या जेवणाच्या टेबलावर बसून काम करी. तिचा नवरा सुकुमार आतल्या खोलीत काम करी. त्याचं दार बंद असे, आणि दारामागून दिवसभर त्याचा आवाज येई. धीमा, स्वच्छ, कुठेही न अडखळणारा.

— नमस्कार, बेड व्यवस्थापन कक्ष. आपली नोंद घेतली आहे. कृपया धीर धरा.

घरातलं तिसरं माणूस म्हणजे पद्माआत्या, सुकुमारची आत्या. ती कुंभोजहून डोळे तपासायला चार दिवसांसाठी आली आणि साथीत अडकली. जाड भिंगाचा चष्मा, तोंडात सतत काहीतरी पुटपुटणं, आणि रिकामं बसायची चीड.

"त्या डब्यात नेमकं काय घातलंयस गं?" वाटाणे सोलता सोलता आत्यानं एकदा विचारलं होतं.

"घाम दोन तऱ्हेचा असतो, आत्या. उकाड्याचा वेगळा आणि भीतीचा वेगळा."

"घाम तो घाम."

"दिसायला सारखाच. पण माणूस घाबरला, कामानं पिचला, की घामातून वेगळी द्रव्यं बाहेर पडतात. आपल्याला त्यांचा वास येत नाही. पण श्वासाबरोबर ती शेजारच्याच्या नाकात जातात आणि त्याच्या मेंदूला बातमी लागते, की इथं कुणीतरी घाबरलंय. मग त्याचीही छाती धडधडायला लागते. का धडधडते ते त्याला माहीत नसतं."

"म्हणजे एकाचं भ्यालेपण दुसऱ्याला लागतं."

"सर्दीसारखं."

"हे आमच्या म्हशीला कळायचं की. धार काढणारा कावलेला असला की पान्हा चोरायची."

"तेच ते."

"मग तुला एवढा पगार कशाला देतात?"

त्रिशला हसली. "म्हशीला ते पकडून ठेवता येत नाही, म्हणून. आम्ही त्या द्रव्यांना धास्तकण म्हणतो. आपल्या धास्तीचे हवेत उडालेले कण. पूर्वी खिडक्या उघड्या असायच्या, वाऱ्यानं निघून जायचे. आता घर बंद. एकाचे धास्तकण दुसरा हुंगतो, तो घाबरतो, त्याचे तिसरा हुंगतो. पाणी ढवळत राहावं तसं घर गढूळ होत जातं. या पेटीत एक भुकटी आहे. तिच्यावर ते कण चिकटतात आणि हवा निवळते. म्हणून हिचं नाव निवळी."

"गढूळ पाण्याच्या हंड्यात उगाळतात ती बी?"

"तीच. नाव तिचंच घेतलं."

"बी तळाला गाळ बसवते बाई," आत्या म्हणाली. "तुझा डबा गाळ नेतो कुठं?"

त्रिशलाने भुकटीबद्दल आणखी काहीतरी सांगितलं. ते बरोबरही होतं.

*

निवळी लावण्यापूर्वीचं घर आठवलं की त्रिशलाची कानशिलं अजूनही तापत. एकच गणित ती पुन्हा पुन्हा सोडवी आणि दर वेळी वेगळं उत्तर येई. आत्या चहात मीठ घाली. भाकरी जाड झाली एवढ्यावरून आत्या आणि सुकुमार दोन दिवस एकमेकांशी बोलले नव्हते. ज्या आत्यानं त्याला अंगाखांद्यावर खेळवलं, ती दारातल्या किराण्याच्या पेटीजवळ तोंड फिरवून बसली होती. जो तो स्वतःच्या स्वभावाला दोष देत होता. हवेला दोष द्यायचं कुणाच्या मनात येत नव्हतं.

ते आलं त्रिशलाच्या मनात. तिने तिघांच्या काखेत कापसाच्या घड्या ठेवायला लावल्या आणि त्या तपासल्या. आत्याच्या घडीत थोडे धास्तकण होते. तिच्या स्वतःच्या घडीत त्याहून जास्त. आणि सुकुमारच्या घडीत इतके होते, की आधी तिला तपासणीच चुकली असं वाटलं.

तिने तो आकडा कुणाला सांगितला नाही. निवळीच्या पहिल्या नमुन्यावर मात्र आकडा दिसत असे : आज घरात किती धास्तकण आहेत. चाचणीसाठी पेटी काही घरांत लावली तेव्हा त्या घरांतली माणसं आकड्याकडे बोट दाखवून भांडू लागली. 'तू खोलीत आलास की वाढतो.' एका बाईनं त्यावर टिकल्यांचं पाकीट चिकटवलं. मग कंपनीने आकडा काढून टाकला. आकड्याच्या जागी एक वाक्य आलं, आणि ते कायम एकच राहिलं. पेटी जे पकडत होती ते मोजायचं पेटीनेच सोडून दिलं.

साथीपूर्वी सुकुमार एस.टी. स्टँडवर गाड्यांच्या घोषणा करी. कोणती गाडी कितव्या फलाटावर लागेल, कोणती उशिरा येईल, कोणती रद्द झाली. त्याचा आवाज ऐकून चिडलेले प्रवासीसुद्धा पुन्हा बाकावर बसत. म्हणूनच त्याची बेड कक्षात निवड झाली. तिथे पहिला नियम होता, 'नाही' म्हणायचं नाही. बेड नसला तरी म्हणायचं नाही. नोंद घेतली आहे असं सांगायचं आणि पुढचा फोन घ्यायचा. समोरच्या पडद्यावर नावांची रांग असे. कधी कधी वरचं नाव निघून जाई आणि खालची नावं एकेक पायरी वर सरकत. नाव दोन कारणांनी निघून जाई. कोणत्या कारणाने गेलं, ते पडद्यावर येत नसे.

— आपला क्रमांक वर सरकला आहे. हो, आजी. वर सरकलाय.

निवळी लागल्यावर आठवड्याभरात घर बदललं. त्रिशलाची गणितं पहिल्या झटक्यात सुटू लागली. आत्याचा रक्तदाब उतरला आणि तिला शांत झोप लागू लागली. सुकुमारच्या दारावरून जाताना आता कुणाच्याही पोटात गोळा येत नव्हता. लवकरच हजारो घरांत निवळ्या बसल्या. बायका-पुरुष कंपनीला लिहीत, तुमच्यामुळे आमचा संसार वाचला. त्रिशला ती पत्रं जेवताना वाचून दाखवी.

सुकुमार ऐकून म्हणे, "छान."

*

जेवणावरून मात्र आत्या बेचैन होती. जैनाच्या घरात दिवस मावळायच्या आत पानं वाढली जातात. सुकुमारची पाळी मावळतीला संपे, म्हणून त्याचं ताट आधीच आत नेऊन ठेवत. हल्ली ते ताट जसंच्या तसं बाहेर येत होतं.

"उतरलाय गं चेहरा त्याचा."

"उजेड कमी आहे घरात, आत्या. सगळ्यांचेच चेहरे उतरलेले दिसतात."

"दृष्ट लागलीय त्याला."

त्रिशलाला हसू आलं. "आठ-दहा महिन्यांत घरात आलंय कोण दृष्ट लावायला?"

"दिवसभर शंभर लोकांशी बोलतो. फोनवरनं लागत नाही होय?"

दुपारच्या सुट्टीत आत्यानं त्याला पाटावर उभं केलं. मूठभर मीठ, मोहरी, सुक्या लाल मिरच्या. ओवाळताना ती म्हणाली, "आल्याची, गेल्याची, फोन लावल्याची, फोन ठेवल्याची." सुकुमार डोळे मिटून निमूट उभा राहिला. लग्नाआधी तो असल्या गोष्टींची नक्कल करून घर हसवायचा. आता ओवाळून झाल्यावर त्याने विचारलं, "झालं? जाऊ?" आणि तो आत गेला.

आत्यानं मिरच्या तापल्या तव्यावर टाकल्या. त्या काळ्या पडल्या, त्यांचा धूर झाला. आत्या नाक पुढे करून ठसक्याची वाट पाहत उभी राहिली.

ठसका लागला नाही.

मिरच्या जळूनही ठसका लागला नाही, तर दृष्ट जबर आहे असं समजतात. आत्या पांढरी पडली. तिने आणखी मिरच्या टाकल्या. धूर निवळीकडे सरकत गेला आणि दिसेनासा झाला. ना शिंक, ना डोळ्यांत पाणी.

"आई गं," आत्या खाली बसली. "एवढी?"

"आत्या, अहो, ती पेटी धूर ओढून घेते! तिचं कामच ते आहे."

"मला शिकवू नकोस. माझ्या सासूनं एकदा गावातल्या पोराची काढली होती, असाच ठसका लागला नाही. पोर आठवड्यात गेलं."

त्रिशला समजावून थकली. आत्या रडू लागली तेव्हा शेवटी ती उठली. "थांबा. पेटी बंद करते. मग जाळा मिरच्या. ठसका लागतो की नाही ते बघू."

हिरवी अक्षरं विझली. आत्यानं तिसऱ्यांदा मिरच्या टाकल्या आणि अर्ध्या मिनिटात दोघी खोकून वाकल्या. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. आत्या पदराने चष्मा पुसत, खोकत, हसत म्हणाली, "गेली हो! गेली!" त्रिशलाही हसली. एवढ्या मोठ्याने दोघी कितीतरी दिवसांनी हसल्या होत्या. स्वयंपाकघरातला झडपेचा पंखा लावून त्यांनी धूर बाहेर घालवला. मिरच्यांच्या काजळीनं निवळीची जाळी बुजली होती, म्हणून त्रिशलाने ती धुऊन वाळत ठेवली. जाळी वाळेपर्यंत पेटी लावता येणार नव्हती.

धूर गेला. खोकला थांबला. त्रिशला पुन्हा कामाला बसली आणि संध्याकाळ होता होता तिचे हात कापू लागले.

मिरच्यांचं असेल, तिला वाटलं. ती पाणी प्यायली. छाती धडधडतच राहिली. बाहेर कुणीतरी पडलंय, कुठेतरी आग लागलीय, आपण काहीतरी विसरलोय, असं काहीतरी अंगात भरून येत होतं. ती उठून घरभर फिरली. स्वयंपाकघरात गेलं की ते कमी होई. हॉलमध्ये वाढे. आतल्या खोलीच्या दाराशी इतकं वाढे, की तिला भिंतीला हात लावावा लागला.

दारामागून आवाज येत होता, नेहमीसारखा धीमा आणि स्वच्छ.

— आपली नोंद घेतली आहे. कृपया धीर धरा.

बाहेर अंधार पडला होता. पाळी केव्हाच संपायला हवी होती.

तिने दार ढकललं. सुकुमार कानाला हेडफोन लावून ताठ बसला होता. ताट शेजारी झाकलेलंच होतं. तिला पाहून त्याने एक बोट वर केलं, थांब. "आपला क्रमांक वर सरकला आहे," तो म्हणाला. समोरच्या काळ्या पडद्यावर अक्षरं होती : आपली पाळी संपली आहे.

"सुकुमार. कुणाशी बोलतोयस?"

त्याने पुन्हा बोट वर केलं. तिने त्याच्या कानांवरचा हेडफोन काढून आपल्या कानाला लावला. आत काहीच नव्हतं. फोन बंद झाल्यावर येते ती घरघरसुद्धा नव्हती.

"संपली होय?" तो म्हणाला. "मला वाटलं, समोरचा बोलत नाहीये. काही जण बोलतच नाहीत गं. नुसता श्वास ऐकू येतो. मग मी बोलत राहतो."

"असं रोज होतं?"

"रोज नाही."

"कधीपासून?"

तो विचार करू लागला आणि त्याला ते आठवेना.

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगणार? बाहेर आलो की तू शांत, आत्या शांत. पत्रं वाचून दाखवायचीस. मला वाटायचं घर ठीक आहे, म्हणजे मीही ठीकच असणार." तो तिच्याकडे पाहत नव्हता. "सकाळी उठूच नये असं वाटतं. मरावं असं नाही. नुसतं, उठू नये."

त्रिशला त्याच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसली. तिचं सगळं अंग थरथरत होतं. ती त्याची थरथर होती. सहा महिने ती भिंतीवरच्या पेटीत जात होती.

*

जाळी वाळली तरी तिने ती लावली नाही.

त्या रात्री घरात भांडण झालं. दुसऱ्या दिवशीही झालं. आत्याच्या हातून दूध उतू गेलं. त्रिशलाने कंपनीच्या बैठकीत एका माणसाला न शोभणारं काहीतरी ऐकवलं. पण सुकुमारचं दार आता उघडं असे, आणि त्याचा आवाज स्वच्छ असतानाही त्रिशलाचं पोट ढवळलं की ती उठून आत जाई, त्याच्या खांद्यावर हात ठेवी आणि पुढचा फोन घेऊ देत नसे. त्याला चार दिवसांची रजा मिळाली. फोनवर समुपदेशक बाईंनी विचारलं, कसं वाटतंय? त्याने फलाटावर गाडी लागल्याचं सांगावं तशा आवाजात सांगितलं, आता पुष्कळ बरं आहे. बाईंना समाधान वाटलं. टेबलापलीकडे बसलेल्या त्रिशलाच्या हाताला घाम फुटला होता.

"खोटं बोललास त्यांच्याशी."

"सवय झालीय गं."

त्याच दिवसांत तिने कंपनीला कळवलं, की निवळीवर आकडा परत आणायला हवा. निदान एक सूचना तरी. उत्तर नम्र होतं. आकडा होता तेव्हा काय झालं ते आपण पाहिलंच आहे, आणि आजपर्यंत एकाही घरातून तक्रार नाही. ती ते वाचत बसली. तक्रार कोण करणार होतं? ज्याला त्रास होता तो दारामागे होता, आणि जे दाराबाहेर होते त्यांना बरं वाटत होतं. हजारो भिंतींवर तीच हिरवी ओळ होती. तिच्यामागे कुठे काय आहे हे सांगू शकणारं जगात काहीच नव्हतं, कारण ते मोजायचं तिनेच बंद करू दिलं होतं.

मग आत्याच्या डोळ्यात रक्त उतरलं.

सकाळी उठून ती म्हणाली, "उजव्या डोळ्यापुढं जळमट आलंय बघ." जळमट पुसलं जाईना. रक्तदाब चढला होता. पडद्यावरून डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, की आतली बारीक शीर फुटली आहे. एवढ्यावर थांबलं तर बरं. दाब असाच राहिला तर दुसरा डोळाही जाईल, आणि सध्या त्यांना इकडे आणणं शक्य नाही. घरात ताण आहे का?



"कसला ताण," आत्या म्हणाली. "बसून खाते मी."

त्या दुपारी सुकुमारने जाळी स्वतः आणून टेबलावर ठेवली.

"लाव."

"नको."

"तिचा डोळा जाईल, त्रिशला. माझ्यामुळं."

"आणि तुझं काय?"

"मी सुधारतोय की."

"तू सुधारत नाहीयेस. मी इथं बसलेय ना, मला कळतंय."

"तेच नकोय मला!" त्याचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "दिवसभर त्यांचं ऐकायचं आणि मान वर केली की तुझा चेहरा. मला जे होतं ते तुझ्या तोंडावर दिसतं. दोनदा सोसायचं का मी? तुला कळत नव्हतं तेव्हा निदान या घरात एक जागा होती, जिथं ते नव्हतं. मी दाराच्या फटीतून बघायचो. तू गणितं करत असायचीस. बरं वाटायचं."

स्वयंपाकघरातून आत्या ओरडली, "भांडू नका रे! मी जाते कुंभोजला चालत!"

"बघ," सुकुमार म्हणाला आणि हसायचा प्रयत्न केला. "एका डोळ्यानं निघाली."

त्रिशलाने जाळी हातात घेतली. "लावली तर मला कळणार कसं?"

"विचार. रोज विचार. मी सांगेन."

"सांगशील?"

"सांगेन," तो म्हणाला, धीम्या, स्वच्छ आवाजात.

हवा स्वच्छ आहे. घर शांत आहे.

*

त्याच दिवशी, मावळतीला, सुकुमारने अंगातला शर्ट काढून धुण्याच्या टोपलीत टाकला. त्रिशलाने तो उचलला तेव्हा तो ओलसर होता.

गंधरसायनातली साधी गोष्ट आहे. धास्तकण हवेत उडतात ते नंतर. आधी ते कापडात मुरतात. पेटी हवा निवळू शकते, पण घडी करून तोंडाशी धरलेला शर्ट तिला निवळता येत नाही. त्रिशला तो शर्ट घेऊन मोरीत गेली, दार लावलं, त्यात तोंड खुपसून खोल श्वास घेतला आणि डोळे मिटून थांबली. वास म्हणावा असं काहीच नव्हतं. थोड्या वेळाने तिची छाती धडधडू लागली. त्या धडधडीवरून तिला त्याचा दिवस कळला.

तेव्हापासून ते रोजचं झालं. आधी ती विचारी, "कसा आहेस?" तो म्हणे, "बरा आहे." मग ती मोरीत जाऊन खरं उत्तर घेई. हळूहळू तिला फरक समजू लागला. एखाद्या दिवशी नुसतं काळीज जड होई. एखाद्या दिवशी तिला मोरीतच खाली बसावं लागे. ज्या दिवशी खाली बसावं लागे त्या दिवशी ती काहीतरी निमित्त काढून दुसऱ्या सकाळी त्याला कामावर बसू देत नसे. पंखा बिघडलाय, जरा बघ. आत्याला डोळ्यात औषध घालायचंय, माझी बैठक आहे. एकदा तिने त्याच्या कक्षाला परस्पर फोन करून दोन दिवसांची रजा मागून घेतली.

"तुला कसं कळतं गं नेमकं?" त्याने विचारलं.

"बायकोला कळतं."

"मी रजेवर गेलो की माझे फोन आमच्या कक्षातल्या त्या शिरोळच्या पोरीकडं जातात. तिला ताप होता परवा. तरी घेत होती."

"तिची काळजी तिच्या घरचे घेतील."

"त्यांच्याकडंही निवळी आहे," सुकुमार म्हणाला.

आत्याचा दाब उतरला. डावा डोळा वाचला. ती पुन्हा वाटाणे सोलू लागली, हाताला लागतील तसे. तिचं म्हणणं पक्कं होतं, की त्या दिवशी ठसका लागला म्हणूनच पोरगा वाचला. त्रिशला तिला कधी खोडून काढत नसे.

एका संध्याकाळी शर्टात तोंड खुपसून ती मोरीत उभी असताना तिला दारात चाहूल लागली. कडी लावायची राहिली होती. सुकुमार उभा होता. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, हात लटपटत होते. त्याने शर्टाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. काय चाललंय ते त्याला समजलं असावं. त्याने कापसाच्या घड्या, भुकटी, पेटी, सगळं तिच्या तोंडून शंभरदा ऐकलं होतं.  त्याने तिच्या केसांवरून हात फिरवला आणि तो बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी रुग्णांची रांग साथीतली सर्वांत मोठी होती. बातम्यांत तसं सांगत होते. पुन्हा बंद झालेल्या दारामागचा आवाज दिवसभर एकसारखा होता.

— आपली नोंद घेतली आहे. कृपया धीर धरा.

पाळी संपली. दार उघडलं. सुकुमार पाय न वाजवता मोरीकडे गेला. त्रिशलाने हातातलं काम पुरं केलं, आत्याच्या डोळ्यात औषध घातलं आणि धुण्याची टोपली पाहिली. टोपली रिकामी होती.

मोरीत दिवा होता. सुकुमार छोट्या पाटावर बसून बादलीत हात घालून कपडे घासत होता. शर्ट फेसाखाली होता, बनियनसुद्धा. त्याने स्वतःही अंग धुतलं होतं, केसांतून पाणी ठिबकत होतं.

"आजपासून माझे कपडे मी धुणार," तो म्हणाला. "तू किती करशील?"

"राहू दे. मी धुते."

"झालंच की."

तिला बादलीतून तो शर्ट ओढून घ्यावासा वाटला. घेऊन उपयोग नव्हता. ती त्याच्यासमोर ओल्या फरशीवर बसली.

"कसा आहेस?"

"बरा आहे."

तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो हसला. हसणं चांगलं होतं, थकलेलं, प्रेमाचं. त्यात काही कमी आहे असं तिला दाखवता आलं नसतं. तिची छाती शांत होती. तिने वाट पाहिली, आणखी थोडी वाट पाहिली, तरी शांतच होती.

मग तिने त्याचा हात बादलीतून बाहेर काढला, मनगट दोन्ही हातांत धरलं आणि तोंडाशी नेऊन श्वास घेतला. लिंबाच्या साबणाचा वास आला.